भिंती ठोकून पाहणारी एलुबे

चिम्वाला वस्तीत एलुबे मागोम्बोला तिच्या नावाने हाक मारणारं फारसं कोणी उरलं नव्हतं. थोरल्या लेकीवरून सगळे तिला मेम्रीची आई म्हणत, आणि पाठ वळली की भिंतवाली. दरवर्षी नोव्हेंबरात लागलेला पाऊस एप्रिलमध्ये ओसरला की ती कमरेला गुंडाळलेलं चितेंजेचं कापड घट्ट आवळून घराबाहेर पडायची आणि डोंगराच्या पायथ्यापासून वरच्या खडकांपर्यंत घरोघर भिंती ठोकत जायची. उजव्या हाताच्या मधल्या बोटाचं पेर त्यापायी चपटं झालं होतं, त्यावर घट्टा पडला होता.

भाजक्या विटेची भिंत ठोकली की खणकन बोलते. कच्च्या विटेची कोरडी भिंत मडक्यासारखी वाजते, तिचंही चालून जातं. ओल शिरलेली भिंत मात्र बोलतच नाही. खिडकीच्या कोपऱ्यातून सरळ वर गेलेली चीर दिसायला वाईट, पण निरुपद्रवी. तिरकी, खाली जोत्याकडे रुंदावत गेलेली चीर वाईट. वळचण आखूड असेल तर पागोळ्यांनी जोतं खाल्लेलं असतं, तिथे हात घालून पाहायचा. हे सगळं एलुबेला लिकोंग्वेबाबांनी शिकवलं. ते जुने गवंडी. आयुष्यभर ब्लँटायर शहरातल्या लोकांची घरं बांधली आणि स्वतः म्हातारपणी चिम्वालाच्या एका खोलीत येऊन पडले.

यादी व्हायची ती 'देंगा लिमोजी'साठी. देंगा लिमोजी म्हणजे एक छप्पर. वस्तीतल्या सहा बायकांनी एकमेकींच्या घरांसाठी विटा पाडायला सुरुवात केली, त्यातून ही मंडळी उभी राहिली. पगार कोणाला नाही, कचेरी नाही. मे ते ऑक्टोबर दर शनिवारी जमायचं, नदीकाठी माती तुडवायची, साच्यातून विटा पाडायच्या, भट्टी लावायची, आणि पाऊस यायच्या आत वस्तीतल्या ज्यांची घरं सगळ्यांत वाईट, त्यांची बांधून द्यायची. दोन घरं व्हायची. एखाद्या चांगल्या वर्षी तीन. मागणारे तीसचाळीस. म्हणून आधी कोण आणि नंतर कोण, हे ठरवावं लागायचं, आणि ते काम एलुबेच्या बोटावर आलं होतं.

ती स्वतः याच मंडळींच्या घरात राहायची. चौदा वर्षांपूर्वी तिचा नवरा विल्सन छातीच्या दुखण्याने गेला. सुतक फिटलं आणि सासरचे लोक गावाहून गाडी घेऊन आले. पलंग उचलला, दार काढलं, मग शिडी लावून पत्रे उतरवू लागले.

"पत्रे आमच्या भावाच्या घामाचे आहेत," दीर म्हणाला.

"आणि या पोरी कोणाच्या घामाच्या?" एलुबेने विचारलं.

दीर शिडीवरून पुढचा पत्रा उचकटू लागला. शेजारच्या अंगणात नासिबेको विकायला मंडासी, पिठाचे गोड गोळे, तळत होती. ती तेलाची कढई तशीच हातात घेऊन आली आणि शिडीखाली उभी राहिली. "उतरा खाली. नाहीतर हे गरम तेल कुठं ओतायचं ते मला ठाऊक आहे." वस्तीतले लोक हसले, पण दीर काही उतरला नाही. पत्रे गेले, पाठोपाठ जागाही गेली. त्या संध्याकाळी नासिबेकोने आपल्या मंडासीच्या दुकानावरचं प्लॅस्टिक सोडवून आणलं आणि एलुबेच्या दोन पोरींवर ताणलं. शनिवारी ती देंगा लिमोजीच्या बैठकीत जाऊन भांडली. चर्चच्या मागच्या सपाटीवर एलुबेची खोली उभी राहिली तेव्हा सगळ्यांत जास्त विटा नासिबेकोच्या डोक्यावरून आल्या होत्या. पुढे दोघींच्या पोरी एकाच ताटातली मक्याच्या पिठाची न्सिमा खात मोठ्या झाल्या. नासिबेकोची तडाला एलुबेला 'थोरली' म्हणायची. आईच्या थोरल्या बहिणीला म्हणतात तसं.

नासिबेको मात्र वर डोंगरावरच राहिली. उतार कापून काढलेल्या पायरीवर तिचं दोन खोल्यांचं घर, मागची भिंत डोंगराला चिकटलेली.

ज्या वर्षाची ही गोष्ट, त्या वर्षी एप्रिलमध्ये लिकोंग्वेबाबा खोकल्याने अंथरुणाला खिळले होते. एरवी शेवटच्या पाचसहा घरांना दोघं मिळून जायची, पण त्या वर्षी एलुबे एकटीच हिंडली. अडतीस घरं झाली. पहिल्या नंबराबद्दल वाद नव्हता, त्या घराच्या चारपैकी एक भिंत आधीच पडली होती. दुसऱ्या नंबराला दोन घरं राहिली. एक फालेसी आगोगोंचं. आगोगो म्हणजे आजी, आणि फालेसी साऱ्या वस्तीचीच आजी होती; डोळ्यांत मोतीबिंदू, दोन अनाथ नातींना सांभाळत होती. दुसरं नासिबेकोचं.

फालेसीची भिंत वाईट होती, पण घर सपाटीवर होतं. वर्ष, दोन वर्षं निघाली असती. एलुबेने ते ठोकून पाहिलं आणि मग चढण चढून नासिबेकोकडे गेली.

"या डॉक्टरीणबाई," नासिबेको चुलीपासूनच ओरडली. तिची नात म्फात्सो, तडालाची चार वर्षांची पोर, तिच्या चितेंजेला धरून उभी होती. "नाडी बघा आमच्या भिंतीची. आणि औषध गोड द्या."

"तुझ्या भिंतीला औषध नको, तुला हवंय. तोंडाला."

"माझं तोंड भाजक्या विटेचं आहे. शंभर वर्षं हलायचं नाही."

एलुबे हसत हसत मागच्या खोलीत गेली. तिथे अंधार होता आणि पिठाचा वास होता. तिने भिंतीला हात लावला. पाऊस थांबून तीन आठवडे झाले होते, तरी भिंत गार होती. तिने पेराने ठोकलं. मग एक हात खाली ठोकलं. मग पार जोत्याजवळ. आवाजच आला नाही. भिजून फुगलेल्या पिठाच्या पोत्यावर बोट आपटावं तसं झालं. तिने दिवा मागून घेतला आणि भिंतीच्या बाजूने नजर लावून पाहिलं. मधोमध भिंतीला पोट सुटलं होतं. मागून डोंगर तिला ढकलत होता.

ती बाहेर आली तेव्हा नासिबेकोने तिला गरम मंडासी दिली आणि तिच्याकडे न बघता म्हणाली, "फालेसी आगोगोंना दे आधी."

"मी अजून काही बोलले का?"

"बोलायला कशाला हवं? दोघींतच आहे ना? मी हातीपायी धड आहे. ती म्हातारी रात्री उठून भिंतींना चाचपते. आणि ऐक, मला दिलंस तर नळावर बायका तुझी चटणी करतील. गेल्या वर्षीचं विसरलीस?"

गेल्या वर्षी एलुबेच्या चर्चमधल्या एका बाईला घर मिळालं होतं. ते घर खरंच पडायला आलं होतं, पण महिनाभर वस्तीत बोललं जात होतं की यादी भिंतीवरून होत नाही, ओळखीवरून होते. माई चिपेता, म्हणजे मंडळींच्या अध्यक्ष, निवृत्त शिक्षिका, त्यांनी एलुबेला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "यंदा कोणाचं बोट उठता कामा नये. माणसं एकदा शनिवारी यायची थांबली की संपलं सगळं."

एलुबेच्या हातात मंडासी होती आणि मागे ती भिंत होती. तिने तेव्हा सांगायला हवं होतं. तुझी भिंत पुढचा पाऊस काढणार नाही, एवढे सहा शब्द. नासिबेको फालेसीला जे देत होती ते एक वर्ष थांबणं आहे असं तिला वाटत होतं. ते काय आहे हे फक्त एलुबेला ठाऊक होतं. पण समोरून सुटका चालून आली होती, आणि एलुबेने ती घेतली.

"पुढच्या वर्षी पहिला नंबर तुझा," ती म्हणाली.

"बघ हं. लेखी दे," नासिबेको म्हणाली आणि म्फात्सोचं नाक पुसू लागली.

बैठकीत माई चिपेतांनी विचारलं, "दोन्ही भिंतींत फरक किती?"

"सारख्याच आहेत," एलुबे म्हणाली.

फालेसी आगोगोंचं घर ऑक्टोबरमध्ये पुरं झालं. नासिबेको त्यासाठी प्रत्येक शनिवारी आली. जूनच्या थंडीतल्या त्या हाडात शिरणाऱ्या बारीक झिमझिमीतही ती गुडघाभर चिखलात उभी राहून माती तुडवायची आणि बाप्यांना टोमणे मारायची. किल्ली दिली त्या दिवशी म्हातारीला हाताला धरून तिने चारी भिंतींवरून तिचा तळवा फिरवला. "ही पूर्वेची. ही चुलीची. ही तुमच्या सवतीची, हिच्याकडे पाठ करून झोपा." फालेसी दात नसलेल्या तोंडाने खदखदून हसली.

एलुबे अगदीच स्वस्थ बसली नव्हती. नोव्हेंबरात पहिल्या सरींच्या आधी ती निलगिरीचे दोन वासे घेऊन वर गेली आणि नासिबेकोच्या मागच्या भिंतीला आतून टेकू लावले. घराच्या वरच्या अंगाला पाणी वळवायला चर खणला. नासिबेको म्हणाली, "एवढी उस्तवार कशाला गं? झोपायच्या खोलीत खांब रोवलेस, आता मी काय कोंबड्यांसारखी झोपू?"

"असू दे," एलुबे म्हणाली. त्या रात्री तिला झोप लागली, असं तिनेच नंतर सांगितलं. टेकू लावल्यावर लागली.

डिसेंबर गेला, जानेवारी गेला, फेब्रुवारीतही भिंत उभी राहिली. आपलं बोट चुकलं असेल असं एलुबेला वाटायला लागलं. मार्चमध्ये वादळ आलं. शुक्रवारी पाऊस लागला तो हटेना. रविवारी दुपारी रेडिओ सांगत होता की उतारावरच्या लोकांनी खाली शाळेत जावं. काही गेले. बरेचसे गेले नाहीत, कारण मागे घर सोडलं की भांडी जातात, आणि रेडिओ दरवर्षीच काहीतरी सांगतो.

एलुबे डोक्यावर प्लॅस्टिक घेऊन वर गेली. वाट राहिली नव्हती, वाटेचा ओढा झाला होता.

"चल माझ्याकडे," ती दारातूनच म्हणाली. "पोरीला घे. तडालालाही."

"तुझ्याकडे किती माणसं आहेत आत्ता?"

"नऊ."

"मग दहावी मी कुठं बसू, तुझ्या मांडीवर? पीठ भिजवून ठेवलंय. अशा गारठ्यात बसथांब्यावर गरम मंडासी हातोहात जाते. तडाला पहाटे घेऊन जाईल. मंगळवारी उघडलं नाही तर येते."

"हवा बरी नाही, नासिबेको."

"हवा कधी बरी होती इथं?"

एलुबे उंबऱ्यात उभी होती. आतल्या खोलीचा पडदा तिला दिसत होता. त्यामागे टेकू होते, आणि टेकूंमागे भिंत. आता सांगायचं म्हणजे एप्रिलमध्ये का नाही सांगितलं तेही सांगायचं. तिने म्फात्सोच्या डोक्यावरून हात फिरवला, "मंगळवारपर्यंत थांबू नकोस," असं म्हणाली आणि खाली उतरली.

सोमवारी सकाळी दहाच्या सुमाराला डोंगरातून गाडीच्या इंजिनासारखा घरघराट आला. एलुबे चर्चच्या ओसरीवर लोकांसाठी पेज ढवळत होती. तिने पळी टाकली आणि कोणाला काही न सांगता धावत सुटली.

नासिबेकोचं घर दारापासून अर्धं शिल्लक होतं. पुढची भिंत, दार, दारावर टांगलेली टोपली, सगळं जागच्या जागी. मागे नुसता लाल चिखल आणि दगड. एलुबे हातांनी उपसू लागली. मग इतर बायका आल्या, कुदळी आल्या. ओल्या कच्च्या विटा हातात घेतल्या की त्यांचा गोळा होत होता. दोन तास गेले. आधी टेकूचा एक वासा लागला, मधोमध मोडलेला. त्याच्या पलीकडे नासिबेको होती, उपडी, आणि तिच्या पोटाखाली म्फात्सो, चितेंजेत गुंडाळलेली. आजीने पोरीला अंगाखाली घेतलं होतं. त्याचा उपयोग झाला नव्हता.

तडाला बसथांब्यावरून वर आली तेव्हा तिच्या डोक्यावर रिकामी बादली होती. मंडासी संपली होती. ती बादली खाली ठेवायला विसरली आणि तशीच उभी राहिली.

त्या एका सकाळी चिम्वालात अकरा घरं गेली. त्यांतली सात यादीत होती.

मुसळधार पावसातच पुरलं. इतकी माणसं एकदम होती की खड्डे खणणारे बाप्ये सकाळपासून संध्याकाळपर्यंत खणत होते. बायका शाळेच्या एका वर्गात चटईवर बसून होत्या. तडालाच्या शेजारी एलुबे, जशी आईची बहीण बसेल तशी. दुसऱ्या दिवशी दुपारी, न्सिमाची ताटं फिरत असताना, तडालाने हळूच विचारलं, "थोरली, एप्रिलमध्ये तू आमची भिंत ठोकलीस. काय ऐकलंस?"

आजूबाजूला बायका होत्या. एलुबेला म्हणता आलं असतं, आत्ता नको. तिने ताट खाली ठेवलं.

"काहीच ऐकू आलं नाही. भिंत मेलेली होती."

"फालेसी आगोगोंची?"

"बोलत होती."

"आईला हे सांगितलंस?"

"नाही."

"का?"

"लोक म्हणाले असते की मैत्रिणीला दिलं. आणि तुझी आई स्वतःच म्हणाली, आगोगोंना दे."

"तिला ठाऊक नव्हतं," तडाला म्हणाली.

"नव्हतं."

तडालाने आपलं चितेंजे सावरलं, उठली आणि समोरच्या भिंतीपाशी परक्या बायकांमध्ये जाऊन बसली. त्या दिवसानंतर ती एलुबेला कधी थोरली म्हणाली नाही. काम पडलंच तर मेम्रीची आई म्हणायची, जसं सारं गाव म्हणायचं.

पाणी ओसरल्यावर मंडळींची बैठक झाली. माणसं सुन्न होती. यादीत पुढे कोण, यावर बोलणं सुरू होण्याआधीच एलुबे उभी राहिली आणि तिने सगळं सांगितलं. तडालाला सांगितलं तितकंच, तसंच. शेवटी म्हणाली, "मी या बैठकीत सारख्याच म्हटलं, ते खोटं होतं. मला या कामातून काढा."

माई चिपेता घाईघाईने म्हणाल्या, "तुम्ही थकला आहात मेम्रीची आई. देवाने नेलेल्या माणसांचा हिशेब आपण—"

"देवाने नाही," एलुबे म्हणाली. "देवाने वादळ आणलं. नंबर मी लावला."

मागून कोणी बाप्या म्हणाला, "म्हणजे आजवरच्या सगळ्या याद्या अशाच?" एकदम गलका झाला. जिचं माणूस गेलं होतं अशी एक बाई उठून एलुबेच्या अंगावर आली, तिला दोघींनी धरलं. त्या गोंधळात फालेसी आगोगो काठी आपटत उभी राहिली. तिला नीट दिसत नसे, ती भलतीकडेच तोंड करून बोलत होती.

"माझं घर त्या पोरीला द्या. मी माझ्या जुन्या जागी जाते. मेलेलीच्या वाट्याचं घर आहे ते. माझ्या भिंतींवरून तिने माझा हात फिरवला होता."

सगळे तडालाकडे पाहू लागले. ती दाराशी उभी होती. "आगोगो, खाली बसा," ती म्हणाली. "तुम्ही काय केलंत? त्या घरात तुमच्या नाती आहेत." आणि ती निघून गेली. फालेसी घरातच राहिली, पण तेव्हापासून आतल्या खोलीत झोपेना. वर्षभर ती ओसरीवर झोपली.

एलुबेला काढायचं की नाही हे त्या दिवशी ठरलंच नाही. आठवड्याने लिकोंग्वेबाबांनी तिला बोलावून घेतलं. म्हातारा उशीला टेकून बसला होता, बोलताना धाप लागत होती.

"सोडतेस म्हणे."

"कोणत्या तोंडाने जाऊ कोणाच्या घरी?"

"तोंडाने कोण सांगतंय? बोटाने जा." तो बराच वेळ खोकला. "मी तुला भिंत ऐकायला शिकवलं. ऐकलेलं बोलायचं असतं हे शिकवायचं राहिलं. मला वाटलं, ते येतंच माणसाला. तू घरी बसलीस तर तुला बरं वाटेल, शिक्षा भोगली असं वाटेल. भिंतींना काय त्याचं?"

"लोक मला दारात उभं करणार नाहीत."

"नाही करणार. तरी जा."

मग एलुबेने बैठकीत एक अट घातली. यापुढे भिंत ठोकून जे कळेल ते त्याच दारात, घरच्या माणसाला आणि शेजाऱ्यांना ऐकू जाईल असं सांगायचं. यादी नंतर. माई चिपेतांना ते पटलं नव्हतं, पण विरोध करायचं त्राण कोणातच नव्हतं.

त्या एप्रिलमध्ये एलुबेने ब्याण्णव घरं पाहिली. डोंगरावरून हललेली माणसं पुन्हा डोंगरावरच आली होती, त्याच पायऱ्यांवर, त्याच लाल मातीच्या विटा पाडून. दुसरीकडे जागा नव्हती. एलुबे दारात उभी राहून सांगायची, "ही या पावसात जाईल. आत झोपू नका." काही जण मान डोलवायचे. काहींनी ती येताना पाहून दारं लावली. पोरं तिला बघून घुबडासारखं घुमायची, कारण घुबड ज्या छपरावर बसतं तिथे माणूस मरतं. एका बाप्याने तिचा दंड धरून तिला अंगणाबाहेर ढकललं. "कुठं जाऊ ते सांग! सहा पोरं घेऊन कुठं जाऊ? ते सांगता येत नसेल तर माझ्या पोरांची झोप कशाला उडवतेस?" एलुबे उठली, चितेंजेची माती झटकली आणि पुढच्या घराकडे गेली. खरं बोलून घर उभं राहत नाही, हेही तिला त्याच वर्षी कळलं. लिकोंग्वेबाबा जूनमध्ये गेले.

पहिला नंबर तडालाला मिळाला, एकमताने. खालच्या सपाटीवर, फालेसीच्या घरामागे. एलुबे त्या विटांसाठी शनिवारच नव्हे, रोज नदीवर जायची. सकाळी रताळी विकायची, दुपारी साचा घेऊन बसायची. तडालाही यायची. विटा हातोहात पुढे सरकवायला बायका रांग करायच्या तेव्हा ती नेमकी रांगेच्या दुसऱ्या टोकाला उभी राहायची. बायकांनी ते पाहिलं आणि त्या विटा पुढे सरकवत राहिल्या.

घर झालं. किल्ली देताना कोणी नाचलं नाही. तडाला आत गेली आणि दार लावून घेतलं. त्या वर्षी देंगा लिमोजीची दोनच घरं झाली. तिसऱ्याची भट्टी पावसाने विझली. उरलेल्या घरांतल्या चौदा माणसांनी पाऊसकाळ शाळेच्या वर्गात काढला, एलुबेचं ऐकून. त्या पावसाळ्यात चार घरं पडली. एक माणूस गेला, तिला ढकलणारा तो नव्हे. ज्याने तिला पाणी प्यायला दिलं होतं आणि हो हो म्हटलं होतं, तो.

पुढच्या एप्रिलमध्ये एलुबे निघायच्या तयारीत होती, तेव्हा तडाला तिच्या अंगणात आली. आत आली नाही.

"मी बरोबर येणार," ती म्हणाली. "दुसरं माणूस हवंच ना बघायला. माई चिपेतांशी बोललेय."

"तुला येतं का ऐकायला?"

"शिकवा."

'शिकव' नाही, 'शिकवा'. एलुबेने मान हलवली. दोघी चालू लागल्या. त्या एप्रिलभर त्या रोज बरोबर हिंडल्या आणि भिंतींशिवाय दुसऱ्या कशाबद्दल एक अक्षर बोलल्या नाहीत. एलुबे ठोकायची, मग तडाला ठोकायची. एलुबे म्हणायची, पागोळ्यांचा खड्डा बघ, बोट घाल. तडाला बोट घालायची. पोरीचा कान तिखट होता. वाटेत खडक चढताना एकदा एलुबेचा पाय सटकला, तडालाने तिला कोपराला धरून सावरलं आणि लगेच हात काढून घेतला.

शेवटच्या दिवशी वरच्या अंगाला एका तरुण बाईचं घर आलं. नवरा कामाच्या शोधात परमुलखात गेलेला, पाठीला तान्हं बांधलेलं. एलुबेने मागची भिंत ठोकली, कान देऊन ऐकलं. "दोन वर्षं काढेल," ती म्हणाली.

तडालाने ठोकली. मग खाली बसून जोत्यापाशी ठोकली, गाल भिंतीला टेकवला. बराच वेळ ती तशीच होती.

"नाही," ती म्हणाली. "याच पावसात."

एलुबेने पुन्हा ठोकून पाहिलं. तिला अजूनही दोनच वर्षं ऐकू येत होती. वय झालं होतं, कानही पहिल्यासारखे राहिले नव्हते. तिने वहीत तडालाने सांगितलं तेच लिहिलं.

तडाला दारात गेली आणि शेजाऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "बाई, ही भिंत या पावसात पडेल. पाऊस लागला की आत झोपू नका."

त्या बाईने पाठीवरचं मूल थोपटलं. एकीकडून दुसरीकडे पाहिलं. "मग मी कुठं जाऊ?" तिने विचारलं.

दोघी तिच्या दारात उभ्या राहिल्या. वहीत अशीच, याच पावसात पडणारी अडतीस घरं तिच्या आधी लिहिलेली होती.